सुंदरे, तुझाच खाना चमकला

प्रिय सुंदरे,

तू जित्ती असताना तुला एक चिठ्ठी लिहिली न्हाई. आज लिहितो, कारन आज तू जिकलीस! तोंडावर कबूल करायला तू न्हाईस, मग कागदावर.

आठवतं? ट्रॅक्टर ऊसतोडीला निघायचा अन् तू दारात पाय रोवून हुभी. "पोरांची शाळा बुडती. मी न्हाई येत." नवरा-बायको मिळून एक कोयता. मी एकटा, म्हंजे अर्धा. फडावर समदे "अर्धा कोयता" म्हनूनच हाक मारायचे. त्याचा राग तुझ्यावर किती वर्सं काढला गं!

आपली नात रेखी कॉलेजात ह्याच्यावरच प्रबंध करती. घराघरात विचारून आली, पोरं फडावर नेली, वसतिगृहात ठेवली, का घरी मानूस ठेवून सांभाळली? शाळा टिकली का सुटली? समदं खान्याखान्यांचा तक्ता करून कॉम्पुटरात घातलं. सकाळी वरडतच आली, "आबा, काय-स्क्वेअर चाचणी लागली! तिन्ही गटांत फरक आहे!"

"कुठं?"

"ते नाही सांगत. कुठंतरी आहे, एवढंच."

असं असतं व्हय? कुत्रं भुकलं, पन चोर कुन्या दारात ते कळंना! मी म्हनलं, "मग नाचती कशाला? खाना-खाना बघ."

"तेच करायचंय, आबा."

नुस्ता योगायोग असता तर कुठल्या खान्यात किती पोरं आली असती, अन् खरी किती आली, हे तिनं ताडून बघितलं; लई फरक असंल तिथं खाना चमकायचा. पहिल्यांदा तक्त्यातल्या दोन वळी चमकल्या, त्यातली एक फडावर नेलेल्या पोरांची. तिचे सर म्हनले, इतके खाने चाळले की एखादा उगंच चमकतो, कसोटी कडक करा. केली. ती वळ विझली.

उरली एकच. घरी मानूस ठेवलेली! तिथं शाळा टिकलेली पोरं अंदाजापरीस लई जास्त. तुझी वळ, सुंदरे!

रेखी म्हनती, "कारण तेच, असं चाचणी म्हणत नाही हं, आबा."

"चाचनी नसंल म्हनत. मी म्हनतो!"

पन एक सांग, मी टोमने मारायचो तवा नुस्ती भाकरी का वाढायचीस? एकदा तरी भांडायचंस की!

औंदा सून म्हनली, "धाकट्या पोरीला नेते तोडीला संगं. तुमी बी चला, फडावरची कोपी-झोपडी राखायला." मी म्हनलं, "न्हाई. मी अन् धाकटी घरीच." मला वेनी घालता येत न्हाई, भाकरी जाड व्हती. शिकंन. पन पोरीची शाळा एक दिस बुडू देनार न्हाई. शब्द देतो.

तुझाच,
अर्धा कोयता