बोली कधी खाली येत नाही

९ मार्च २०२५, सकाळी
आजपासून क्लास सुरू. बी.ए. अंतिम वर्ष, प्राचीन व मध्ययुगीन भारत. विद्यार्थी दोन. अनिसा, वडिलांचं बांगड्यांचं दुकान. गोपाल, केनवडहून जीपने येतो, घरी भाजीपाला. तिसरा मी. माझाही हाच एक पेपर राहिलाय, अकरा वर्षांपासून. फॉर्म भरला. फॉर्मॅलिटी. पोती उचलता उचलता जो रिसोडच्या यार्डात सोयाबीनचा हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारायला लागला, त्याला एक पेपर काय जड!

पेंटरकडून बोर्ड आणला : चंपत सर, बी.ए. (इतिहास). निकालापर्यंत वरून रिकाम्या पोत्याचा बारदाना टाकलाय. बायको, सुचिता, म्हणे बारदाना जाड पाहून टाका, लय दिवस टिकला पाह्यजे. कौतुक करायची तिची पद्धत.

१६ मार्च
माझी मेथड : सनावळी हर्रासाच्या चालीत. हात वर करून एकशे पंच्याऐंशी! दोनशे अडुसष्ट! दोनशे अठ्ठ्याण्णव! तीनशे बावीस! रस्त्यावरचे लोक थांबतात. एकाने खिडकीतून सोयाबीनचा भाव विचारला. असो.

मौर्य साम्राज्य पक्कं झालं. १८५ बृहद्रथ, २६८ अशोक, २९८ बिंदुसार, ३२२ चंद्रगुप्त. गंमत म्हणजे पहिलाच राजा सेनापतीने मारला, तरी पुढे एकशे सदतीस वर्षं चाललं. पाया मजबूत.

२३ मार्च
अनिसा म्हणे, सर, हे इसवीसनाच्या आधीचं हाय, इथं आकडा उतरत जाते. अशोक चंद्रगुप्ताचा नातू हाय, आजा नाही. प्रेमाने समजावलं : बाई, बावीस वर्षं हर्रास पुकारतो. बोली खाली आलेली एकदा तरी दाखव. तिने पेन ठेवून पेन्सिल काढली. पटलं.

गाईडमध्ये अशोकाची कारकीर्द ‘२६८ ते २३२’ छापलीय. म्हणजे माणूस गादीवर बसायच्या छत्तीस वर्षं आधीच वारला! छापखानेवाल्यांना लाज नाही. लाल पेनाने अख्खं गाईड दुरुस्त केलं. दुपार त्यातच गेली.

३० मार्च
माझे कान तिखट. यार्डाच्या गोंगाटात कोण खाकरला आणि कोणी बोली दिली, बरोब्बर कळतं. आज चहा सांगायला उठलो तर भिंतीपलीकडून अनिसाचा आवाज. गोपालला सांगत होती, सर सांगते ते पेन्सिलनं लिही, घरी गेल्यावर खोडरबर चालव, त्याइचं दिल नको तोडू. गोपाल म्हणे, अन् ते सोताच फेल झाले तं? ती म्हणे, मी सांगून थकली रे बाबा, आता तू सांग.

ऐकून भरून आलं. लिहायचं, खोडायचं, परत लिहायचं : यालाच उजळणी म्हणतात. वर गुरूची काळजी.

१३ एप्रिल
मध्ययुग. हे माझ्या तब्येतीचं. सरळ चढतं. १२९६! १३४७! १५२६ला हात इतका वर गेला की पंखा बंद करावा लागला. गोपाल म्हणे, सर, इथं तुमची गाडी रुळावर हाय. मेथड शेवटी पटलीच पोरांना.

२७ एप्रिल
संकल्प : आठ दिवस यार्डात जायचं नाही, फक्त वाचन. (गेलो. अर्धाच दिवस. आवक फार होती.) अनिसाने वहीवर एक रेघ काढून दिली, मधोमध शून्य. म्हणे, सर, निदान एकदा पाहून घ्या ना, तुमाले कसम हाय. वही चहाच्या कपाखाली ठेवली. बरी जाड आहे.

५ मे, संध्याकाळी
पेपर झाला. वाशीमचं सेंटर, तिघेही एकाच एसटीने. पहिलाच प्रश्न : मौर्य साम्राज्याचा उदय आणि ऱ्हास. सोळा मार्क. हसूच आलं. नऊ पानं लिहिली. उदय बृहद्रथाच्या खुनापासून, ऱ्हास चंद्रगुप्ताने नंदांना हरवल्यावर.

येताना अनिसाने विचारलं, कुठून सुरू केलं सर? सांगितलं. ती रिसोड येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत होती. भारावली असावी. गोपालने पिशवीतून काकडी काढून दिली. म्हणे खा सर, पोटात थंडावा पडते. गुरुदक्षिणा.

८ जुलै, सकाळी ११.३०
निकाल. अनिसा ६८. गोपाल ५१. माझ्या मेथडचं यश. माझा निकाल उघडत नाही, साइट स्लो आहे.

दुपारी १
उघडला. २३. मोबाइल जुना झालाय.

दुपारी १.१५
गोपालच्या मोबाइलवरही २३. त्यातले बहुतेक मध्ययुगाचे. तपासणाऱ्याकडे लाल पेनवालं गाईड नसणार, दुसरं काय! सुचिता बाहेर जाऊन बारदाना चारी बाजूंनी सुतळीने बांधून आली. म्हणे, वारा सुटला हाय.

१३ जुलै
हिवाळी परीक्षेचा फॉर्म सुचिताने परस्पर भरला. क्लास आता अनिसा घेते, माझ्याच हॉलमध्ये. मी फक्त देखरेखीला बसतो. शेवटच्या बाकावर. वही आपापली आणायची, असा तिचा नियम.

आज तिने फळ्यावर रेघ काढली, मधोमध शून्य. म्हणे, उठा सर. तीनशे बावीसपासून पुकारा अन् हळूहळू खाली या.

हात वर केला. तीनशे बावीस. दोनशे अठ्ठ्याण्णव. दोनशे अडुसष्ट. हात आपोआप उतरत गेला. एकशे पंच्याऐंशीला आवाज माझा मलाच ऐकू येईना. अनिसा म्हणे, शाब्बास.

खिडकीबाहेर कोणीतरी थांबलं होतं. घाबरून विचारलं, काहून जी, सोयाबीन उतरलं का?

सुचिता आतूनच ओरडली, सोयाबीन नाही भाऊ, आमचे सर!