कबुतरांसाठी टांगलेली सीडी

बाबा, तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली आणि मी अजून एकाच प्रश्नाशी अडून बसलोय. तुम्ही पडलात म्हणून डोक्यात रक्तस्राव झाला, की रक्तस्राव झाला म्हणून पडलात?

ती सकाळ अशी. मी ओट्याशी उभा आहे. माझं जिच्यावर प्रेम आहे ती पोरगी पुण्याला शिकायला गेलीय आणि मी कॉलेज अर्ध्यात सोडून तिच्यामागे निघालोय. तुम्ही बुटाची लेस बांधता बांधता विचारता, "काहून सोडून राहिला गा कॉलेज? तिनं बोलावलं का तुले?" तिनं बोलावलं नव्हतं, म्हणूनच माझं डोकं फिरलं. "तुम्ही मले शिकवू नका," म्हणत तुमचा डबा मी ओट्यावर आपटला. डबा न घेताच तुम्ही गेलात आणि हिंगण्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसच्या पायरीवरून खाली कोसळलात. डॉक्टर आईला म्हणाले, दोन्ही असू शकतं. तेरवीला काका म्हणाले, "पोरानं बापाची नस फोडली." त्यांच्याशी मी अजून बोलत नाही. पुण्यालाही गेलो नाही. ती आता इथंच, नंदनवन वस्तीत राहते, लग्न झालंय, तरी माझी गाडी काही काम नसताना तिकडून जाते. असो.

मी आता एका स्कॅन सेंटरात पेशंटला टेबलावर निजवतो, हलू नका म्हणून सांगतो. तिथं मेंदूच्या स्कॅनसाठी एआय आलंय. रक्त दिसलं की त्याभोवती लाल रेघ ओढतं आणि कारणाचा अंदाज लिहितं: बीपी, नसेवरचा फुगा, की मार. रक्त आत खोल असलं तर बहुतेक बीपीकडे झुकतं, कवटीलगत असलं तर माराकडे. मी डॉक्टर मॅडमच्या मागं उभा राहून आधी मनातल्या मनात ओळखतो, मग त्याचं बघतो. मॅडम तरी प्रत्येक चित्र स्वतः तपासतात. परवा त्याचा अंदाज त्यांनी सरळ खोडला.

तेव्हाच मी विचारलं, "मॅडम, भांडणानं फुटलेली नस ते ओळखते का?"

त्या हसल्या नाहीत. "कुठं फुटली ते सांगेल. घरात काय झालं होतं, ते स्कॅनमध्ये येत नाही. जुन्या स्कॅनची सीडी असेल तर आण, बघू."

तुमच्या स्कॅनची सीडी होती, मनीषनगरच्या आपल्या गॅलरीत, कबुतरं येऊ नयेत म्हणून दोऱ्याला टांगलेली. काल काढली. आई म्हणाली, "काहून काढून राहिला रे? गाण्याचीच तं आहे. कबुतरं घाण करतील ना." उन्हानं तिची एक बाजू पांढरी पडलीय, चालेल की नाही देव जाणे. पुसून पाकिटात घातलीय. हा कागदही त्यातच घडी करून ठेवतो. उद्या मॅडमच्या हाती देण्याआधी काढून घेईन.

बाबा, ती गाण्यांची आहे असं आईला मीच सांगितलं होतं. तिच्यावरचं तुमचं नाव आधी स्पिरिटनं पुसलं, मग टांगली.