पुठ्ठ्याचं घर

१० ऑगस्ट

चि. मिरीस,
मावशीचे अ. आ.

फोनवर तू सगळं छान आहे एवढंच म्हणतेस आणि लाइन तुटते, नाहीतर तू तोडतेस. म्हणून पत्र. कागदावर खोटं लिहायला मेहनत लागते आणि तू पहिल्यापासून आळशी आहेस, तेव्हा खरं लिहिशील अशी आशा आहे.

तुझी आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, ती त्यांच्यापेक्षा जास्त. येईल त्याला तुझं कौतुक ऐकवते. मीही कमी नाही म्हणा. संध्याकाळी बागेतल्या बाकावर आम्ही चौघी निवृत्त बायका बसतो. पोस्टातली बाई मुलाच्या मोटारीबद्दल बोलायला लागली की मी तुझा विषय काढते. माझी भाची परदेशात तिथल्या चिल्ल्यापिल्ल्यांना इंग्रजी शिकवते म्हटलं, की तिची मोटार जागच्या जागी बंद पडते.

पण एक सांग. तू पाठवलेल्या फोटोत तुझ्या वर्गाच्या दारावर एका पिवळ्या केसांच्या माणसाचं भलंमोठं छायाचित्र आहे. अगदी मक्याचं कणीस. हा कोण? वर्ष संपायच्या आत वर्ग स्वतःच्या नावावर झाला तरच ते तुला कायम करणार, नाहीतर परतीचं तिकीट, असं जाताना तूच म्हणाली होतीस. इथली धडधाकट नोकरी सोडून गेली आहेस तू. मग दारावर कणीस कशाला?

खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंची मुलगी हल्ली माझ्याकडे इंग्रजी शिकायला येते. तुझ्यासारखीच काळीसावळी आणि चटपटीत, फक्त तुझ्याहून वीतभर उंच. तिला पुढे तू करतेस तेच करायचं आहे. तेव्हा नीट वाग, तुझ्याकडे बघणारं कुणीतरी आहे.

जेवत जा. उत्तर लांबवू नकोस आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी मावशी

३० ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

कणीस हे नाव इतकं चपखल आहे की आता त्याला पाहिलं की मला तोंड फिरवावं लागतं.

तू पकडलंच आहेस तर सांगते. वर्ग मीच शिकवते. रोज, सकाळपासून. कणीस संध्याकाळी एका हॉटेलात पेयं वाटतो. त्याच्या देशात कुणी इंग्रजी बोलत नाही, तो सिनेमे बघून शिकला. पण केस पिवळे आहेत, आणि इथल्या पालकांची समजूत अशी की इंग्रजी केसांतून येतं.

दर महिन्याला काचेचा दिवस असतो. वर्गाची एक भिंत म्हणजे मोठी काच, तिच्या पलीकडे पालक बसतात. त्या दिवशी कणीस पुढे उभा राहतो. पण त्याची मजल चार वाक्यांपर्यंत. पाचव्याला पोरं एकमेकांच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागतात. म्हणून शाळेच्या मालकीणबाईंनी तोड काढली. बाहुल्यांच्या खेळासाठी वर्गात पुठ्ठ्याचं घर आहे. लाल छप्पर, पुढे एक खिडकी, मागे पडदा. मी आत बसते, हातात कापडी अस्वल चढवते, ते खिडकीतून बाहेर काढते आणि अस्वलाच्या आवाजात अख्खा धडा घेते. कणीस बाजूला उभा राहून मान डोलावतो. अस्वलाचा आवाज टेपवरचा आहे असं पालकांना सांगितलंय. टेप मुलांच्या प्रश्नांना उत्तरं कशी देते, हे अजून कुणाच्या डोक्यात आलेलं नाही.

आत फार उकडतं. वर्गात एक चिमुरडी आहे, तिचा एक मोजा कायम घसरलेला. धडा चालू असताना ती हळूच घराच्या मागे येते आणि पडद्याखालून स्वतःची पाण्याची बाटली आत सरकवते. तिला कुणी सांगितलेलं नाही.

पालकांच्या मनाची तयारी झाली की वर्ग माझ्या नावावर करू, असं मालकीणबाई म्हणतात. एवढं एक वर्ष अस्वल व्हायला काय हरकत आहे? आईला यातलं काही बोलू नकोस.

रागावलीस तरी चालेल, परकी करू नकोस.

तुझी,
मिरी

१७ सप्टेंबर

चि. मिरीस,
अ. आ.

तुझं पत्र वाचून माझा चहा गार झाला आणि मी तापले.

तुझे उच्चार घासूनपुसून घेतले ते मी. 'व्ही' म्हणताना खालचा ओठ दातांखाली आला नाही तर तुला पुन्हा पुन्हा आरशासमोर उभं केलं. ते काय कापडी अस्वलाच्या तोंडी घालायला? कॉन्व्हेंटातल्या सिस्टर आम्हाला पट्टीने मारायच्या, पण मारायच्या समोर उभं करून. कुणी खोक्यात घालून बोलायला लावलं नाही.

त्या मालकीणबाईंना मनाची तयारी हवी आहे म्हणे. पालकांनी तुला पाहिलंच नाही तर त्यांची तयारी कशी व्हायची? काय स्वप्नात?

पुढच्या काचेच्या दिवशी सरळ बाहेर ये. काचेपुढे उभी राहा आणि धडा घे. कणीसरावांना आत बसव. मान डोलवायचाही त्रास नको त्यांना. नाही जमलं तर बॅग भर. तुझ्या आईला मी सांभाळीन.

ताबडतोब कळव. आशीर्वाद आहेतच, धीर मात्र तुझा तुला आणावा लागेल.

मावशी

९ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

ऑक्टोबरचा काचेचा दिवस झाला, काल नोव्हेंबरचा झाला. मी बाहेर आले नाही.

तिथे खुर्चीत बसून हुकूम सोडणं सोपं आहे. परत आले तर जुन्या शाळेत माझ्या जागी कधीच दुसरी रुजू झाली आहे. आणि तू सांभाळतेस म्हणजे काय करतेस, तेही मला ठाऊक आहे. आई परवा फोनवर म्हणाली की बाकावर तू अजून तीच गोष्ट सांगतेस, माझी भाची परदेशात शिकवते. अस्वलाचा शब्दही काढला नाहीस. आदल्याच दिवशी माझ्या वर्गाच्या नव्या वस्तूंबद्दल म्हणे तू काय काय सांगत होतीस. कसल्या वस्तू, मावशी? तूही तुझ्या बाकापुढे एक कणीस उभं केलं आहेस. फक्त तुझ्या कणसाला माझं नाव आहे.

यापेक्षा जास्त लिहिलं तर उद्या मला ते वाईट वाटेल. तुझं काही मनात राहिलं तर सरळ लिही, अबोला धरू नकोस.

मिरी

२६ नोव्हेंबर

चि. मिरीस,
अ. आ.

टोमणा नेमका बसला. जीभ तू माझ्याकडूनच उचललीस, तेव्हा तक्रार कुणाकडे करू?

काल बाकावर सगळं सांगितलं. घर, पडदा, अस्वल, मोजेवाली पोर, सगळं. तुझ्या आईदेखत. ती रडली, मग माझ्यावर चिडली, मग तुला आत हवा येते का म्हणून विचारत बसली. पोस्टातली बाई बराच वेळ चपलेने माती उकरत राहिली. मग म्हणाली, मुलाची मोटार मुलाची नाही. तो ती चालवतो. मालकाला ऑफिसात सोडतो आणि दिवसभर सावली शोधत फिरतो.

उठताना तिने माझी पिशवी उचलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

माझं कणीस मी खाली उतरवलं. आता तुझी पाळी.

सगळ्यांची आठवण आहे असं समज, कारण आहे.

मावशी

२२ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मी बाहेर आले. खरं तर मला बाहेर काढलं.

काचेचा दिवस होता. कणीस पुढे, मी आत. मोजेवाली नेहमीसारखी मागे आली, पण बाटली सरकवली नाही. तिने पडदाच ओढला, तो तुटून तिच्या हातात आला. मग माझा अस्वलवाला हात धरला आणि बाहेर खेचायला लागली. अगदी स्वच्छ इंग्रजीत म्हणाली की बाई, बाहेर या, आत उकडतंय. वाक्य मी शिकवलेलं, उच्चार तुझा. बाकीची पोरंही धावली, घर आडवं झालं आणि मी काचेसमोर गुडघ्यांवर, केसांत पुठ्ठ्याचा चुरा.

तेवढ्यात मालकीणबाई आत आल्या, मला खांद्याला धरून उभं केलं आणि पालकांना सांगितलं की हेच आजचं गुपित होतं, या आमच्या नव्या बाई, जन्मापासून इंग्रजी मुलखात वाढलेल्या. मी तोंड उघडायच्या आत टाळ्या पडल्या.

मी ते मग उघडलं नाही.

वर्ग माझ्या नावावर झाला, मावशी. म्हणजे त्यांनी मला दिलेल्या नावावर. इंग्रजी नाव आहे, पालकांच्या तोंडात बसेल असं. दारावर माझा फोटो लागला. फोटोवाल्याने त्यात मला जरासं पिठात घोळलं आहे, पण ओळखू येते. मला कायम केल्याचा कागद मिळाला. कणीस निरोप घ्यायला आला होता. म्हणाला, रोज भीती वाटायची की एखादं पोर येऊन काहीतरी विचारेल.

तू म्हणालीस बाहेर ये. आले की नाही? आता तरी खूश हो आणि तसं लिहून पाठव.

मिरी

१२ फेब्रुवारी

चि. मिरीस,
अ. आ.

खूश व्हायचा प्रयत्न केला. आवळा खाऊन हसायचा प्रयत्न करावा तसं तोंड झालं.

कॉन्व्हेंटात पहिल्याच दिवशी सिस्टरने हजेरीत माझं नाव बदललं होतं, तिच्या जिभेला जड जात होतं म्हणून. दुसऱ्या दिवशी वडील शाळेत आले. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता. ऑफिसबाहेरच्या बाकावर छत्री मांडीवर घेऊन बसून राहिले. शिपाई दोनदा उठवायला आला, उठले नाहीत. शेवटी सिस्टरने त्यांच्यासमोर हजेरीत माझं खरं नाव लिहिलं, तेव्हाच छत्री उचलून घरी गेले. तुझ्या शाळेबाहेर बसायला मी येऊ शकत नाही, एवढंच.

असो. आत शिरलीस, आता दार अडवू नकोस. शाळेला आणखी एक बाई हवी आहे असं तू फोनवर म्हणालीस. शिंपीणबाईंच्या मुलीची परीक्षा झाली, चांगली पास झाली. तिचा अर्ज आणि फोटो सोबत आहे. पीठ न लावलेला. तिच्यासाठी शब्द टाक.

रागाखाली माया आहे, ती चाचपून बघ.

मावशी

८ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

अर्ज बघायचं काम मालकीणबाईंनी आता माझ्यावरच टाकलं आहे. मुलीशी फोनवर बोलले. हुशार आहे. उच्चारांवर तुझा हात फिरलेला लगेच कळतो.

पण फोटो बघून मला विचार करावा लागला. पालकांनी माझी एकीची गोष्ट मानली, दोघींची मानणार नाहीत. आम्ही शेजारी शेजारी उभ्या राहिलो तर एकाच घरच्या दिसू, आणि मग माझ्याबद्दलही विचारतील. तेव्हा मीच मालकीणबाईंना सुचवलं. नव्या बालवर्गासाठी पिवळ्या केसांचा एक जण मिळाला आहे. काचेच्या दिवशी तो पुढे उभा राहील, तिने आत बसावं. घर नवं करून घेतलं आहे. मागच्या बाजूला भोकं पाडून घेतली, हवा येते. वर्षभराचा प्रश्न आहे. मी नाही का काढलं?

एवढंच तिला सांगून ठेव, शाळेत माझ्याशी आपल्या भाषेत बोलायचं नाही आणि मला मिरी म्हणायचं नाही.

मोजेवाली वरच्या वर्गात गेली. दिसते कधीतरी जिन्यात.

तू समजून घेशील याची खात्री आहे, म्हणून वेगळं काही मागत नाही.

तुझी भाची

२ एप्रिल

चि.,
नवं नाव मला लिहवत नाही आणि जुनं तू नको म्हणालीस, म्हणून नुसतंच चि. काळी, एवढीशी आणि तिखट, म्हणून मी तुला मिरी म्हणायचे. कौतुकाने.

तुझं पत्र शिंपीणबाईंच्या मुलीला मी वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही. मला वाटलं, ती चिडेल. तिने चिडावं म्हणून मी पाणीसुद्धा देऊन ठेवलं होतं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं की आत ताठ बसता येतं, की मान वाकवावी लागते. मी म्हणाले, ते घर नवं करून घेतलेल्या मालकिणीला विचार.

मी जाऊ नको म्हणून पाहिलं. ती म्हणाली, तुमची भाची बाहेर आली, मीही येईन. तुझंच उदाहरण दिलं तिने मला.

तेव्हा ती येते आहे. तिची आई रात्रंदिवस मशीनवर आहे, वर्गात घालायला लेकीचे नवे कपडे शिवते. गळ्याचं काम तर बघत राहावं असं. ते कपडे काचेपलीकडच्या कुणाला दिसणार नाहीत, हे मी तिला सांगितलेलं नाही. ते तू सांग, जमलं तर.

तिच्याबरोबर तुझ्यासाठी एक पाण्याची बाटली पाठवली आहे. प्यायला नव्हे. काचेच्या दिवशी घराच्या मागे जायचं आणि ती पडद्याखालून आत सरकवायची. चार वर्षांच्या पोरीला कुणी न सांगता जमत होतं, म्हणून तुलाही जमेल असं धरून चालले आहे.

आशीर्वाद वयामुळे द्यावे लागतात, ते आहेत. बाकीचं बाटली पोचल्यावर बघू.

मावशी