प्लायवूडवरचा वसंत

२ फेब्रुवारी, सकाळी
ही बहिणीकडे गेली त्याला महिना होत आला. हवापालट, दुसरं काही नाही. जाताना म्हणाली, तुमचं एक काम कधी पुरं होत नाही, दाराची बेल वर्षभर बंद आहे, मी थकले आता. बेलवरून कुणी एवढं थकतं का?
असो. वसंत येईपर्यंत राग निवळेल. तोवर हिच्यासाठी मोठं चित्र करायचं. विषय: वसंताचं स्वागत. प्रकार: मिक्स्ड मीडिया. म्हणजे रंग, कापड, बटणं, हाताला लागेल ते चिकटवायचं. व्हिडिओ पाहिला. सोपं आहे. आठवड्यात उरकतो.

५ फेब्रुवारी
कॅनव्हास फार महाग. हिच्या स्वयंपाकघरातल्या फळीसाठी आणलेलं प्लायवूड दोन वर्षं भिंतीला टेकून उभं होतं. शेवटी कामी आलं. फळी काय, नंतर होईल.

९ फेब्रुवारी
खोडासाठी चहाचा चोथा चिकटवला. टेक्श्चर झकास. संध्याकाळी मुंग्या. चोथ्यात साखर होती. पुसणार होतो, पण खऱ्या झाडावरही मुंग्या असतातच. राहू दिल्या.

१७ फेब्रुवारी
आठवडा जरा लांबला. कलेत घाई चालत नाही.
फोन केला. मेहुणीने उचलला. ही झोपलीय म्हणाली. सकाळी अकरा वाजता? लग्न झाल्यापासून ही अकराला झोपलेली मी पाहिली नाही. दमली असेल. चित्राचं सांगितलं नाही. सरप्राइज.

२४ फेब्रुवारी
हिच्या शिवणाच्या डब्यातली सगळी बटणं कळ्या म्हणून लावली. पाकळ्यांना कापड हवं होतं. कपाटात अगदी तळाशी एक जुनी पिवळी शाल मिळाली, विरलेली. कुणी वापरत नाही. कात्री सुरेख चालली. झाड एकदम फुललं. मीच बघत बसलो.

३ मार्च
मेहुणीचा फोन. ही रविवारी सामान न्यायला येतेय म्हणे. सरळ परत येते म्हणायला लाजत असणार.
मग म्हणाली, भाऊजी, आईची पिवळी शाल तेवढी वर काढून ठेवा, ताईला तीच हवीय.
फोन ठेवून कात्री परत शिवणाच्या डब्यात ठेवली.
नंतर विचार केला, तळाशी कुजून गेली असती. आता रोज डोळ्यांसमोर राहील. हिला आवडेलच.

७ मार्च
पाकळ्या सोडवून पाहिल्या. वाफ दिली, सुरी घातली. निघत नाहीत. आयुष्यात हे एक काम पक्कं झालं.

८ मार्च, दुपारी
आली. चपला काढल्या नाहीत.
मी म्हटलं, बघ, पुरं केलं. ती चित्राजवळ गेली, एकेक पाकळी बोटांनी चाचपली, मग नाक लावलं. ओरडेल म्हणून तयारीत होतो. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, आईचा वास होता शालीला, आता गोंदाचा येतो.
बॅग भरली. मी विचारलं, चित्र नेतेस ना? म्हणाली, छान झालंय, तुम्हालाच ठेवा. घराची तिची चावी टेबलावर ठेवली.
दारात तिला थांब म्हणायचं होतं. म्हटलं काय, तर अजून वार्निश बाकी आहे.
ती गेल्यावर रडलो. चोथ्याची धूळ डोळ्यांत गेली असं लिहिणार होतो. तसं नव्हतं.

१० मार्च
चित्रात सूर्य राहिला होता. तिथे तिची चावी चिकटवली. छान चमकते.
पण आता ती आली तर आत कशी येणार? म्हणून बेल दुरुस्त केली. एक वायर सुटली होती, दहा मिनिटांचं काम. बाहेर जाऊन दार ओढून घेतलं आणि दाबून पाहिली. घरभर वाजली.
मी सवयीने, ही येऊन उघडेल म्हणून उभा राहिलो.