अकरा मीटर

४ जानेवारी, शनिवार

जिंकलो. बरोबरी झाली, मग पेनल्टीवर चार-तीन. आमच्या कॉलेजचा मुलींचा संघ पहिल्यांदाच अंतिम फेरीत. शेवटची किक कॅप्टनची. चेंडू जाळ्यात गेला तरी ती खुणेपाशीच उभी होती, जणू अजून मारायचीच आहे. तिचं हे शेवटचं वर्ष.

क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी, म्हणून संघ माझ्या गळ्यात पडला. गणिताची बाई — ऑफसाइड कळायलाच दोन महिने गेले. पण मैदान मात्र मीच आखते. सकाळी मैदानकाका कापडी टेपची कडी धरून गोलरेषेवर बसले, मी अकरा मीटरवर पेनल्टीची चुन्याची खूण केली. सामन्यानंतर म्हणाले, "बाई, निम्मा विजय तुमच्या खुणेचा." मला बरं वाटलं. जरा जास्तच.

७ जानेवारी, मंगळवार

मैदानकाका आजपासून रजेवर, मोतीबिंदूचं ऑपरेशन. काल मैदानात पाणी सोडून गेले. चुना सगळा धुऊन निघाला. टेप घरी आणली, खिडक्या मोजायला.

९ जानेवारी, गुरुवार

पडदे शिवून आले — अर्धा मीटर लांब. जमिनीवर लोळतायत. नणंद म्हणाली, "वहिनी, गणितच शिकवतेस ना?" हे म्हणाले, "राहू दे, केर काढायचं काम वाचेल." मीही हसले.

मग टेप पाहिली. सुरुवातीचा तुकडाच नाही. कडी पुन्हा शिवलेली, पन्नास सेंटिमीटरच्या आकड्यावर. जाड काळा दोरा, मैदानकाकांचा टाका. कधीपासून अशी आहे कोण जाणे!

म्हणजे टेपवर अकरा, तर जमिनीवर साडेदहा.



१० जानेवारी, शुक्रवार

दोन्ही संघांनी त्याच खुणेवरून मारलं. मग अन्याय कुठे झाला? — असं सकाळभर स्वतःला समजावलं. पण आमच्या मुली हंगामभर माझ्याच खुणेवरून सराव करतायत. त्यांच्या पायांना ते अंतर सवयीचं. पाहुण्या मुलींना नाही.

हे म्हणतात, "तुला कुणी विचारलंय का?" नाही विचारलं. कुणी विचारणारही नाही. तेच तर.

मैदानकाकांना फोन करावा असं दोनदा वाटलं. पण डोळ्याला पट्टी बांधून पडलेल्या माणसाची काय उलटतपासणी घ्यायची? वाटेल, बाई खापर माझ्या डोक्यावर फोडतायत. नाही केला.

दुपारी कॅप्टनला बोलावून सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिनं.

"मॅडम, समितीला नाही कळवलं तर?"

"तर कुणाला कळणार नाही."

बराच वेळ बुटाची नाडी सोडत-बांधत बसली. मग म्हणाली, "कळवा. नाहीतर आम्ही समोर आलो की तुम्ही तोंड चुकवाल."

पोरगी मला माझ्यापेक्षा बरी ओळखते.

१३ जानेवारी, सोमवार

स्पर्धा समितीचा निर्णय: सामना पुन्हा, शनिवारी, तिसऱ्याच मैदानावर. अध्यक्ष म्हणाले, "स्वतःविरुद्ध तक्रार घेऊन आलेल्या तुम्ही पहिल्याच." ते कौतुक होतं की काय, कळलं नाही. प्राचार्यांनी पुढची फाइल ओढली.

मुलींना सांगितलं. गोलकीपर बाकीच्यांना म्हणाली, "अगं, पेपरात अर्धा मार्क सोडत नाहीत त्या, अर्धा मीटर कुठून सोडणार?" हसल्या बिचाऱ्या.

१८ जानेवारी, शनिवार

हरलो. एक-शून्य. पेनल्टीपर्यंत गेलंच नाही.

परतताना बसमध्ये कॅप्टन माझ्या शेजारी येऊन बसली. "मॅडम, तुमच्या जागी दुसरं कुणी असतं ना, तर आम्ही फायनल खेळलो असतो." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? थोड्या वेळानं म्हणाली, "पण चिडलेली नाहीये मी. जे खरं ते खरं." आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. उतरेपर्यंत मी हात हलवला नाही.

वाईट वाटलं, पण मन स्वच्छ होतं. हे लिहितानाही आहे.

१९ जानेवारी, रविवार

पडदे उसवून वर दुमडून घेतले. आता बरोबर बसतात.

२७ जानेवारी, सोमवार

मैदानकाका आले, काळा चष्मा लावून. मी टेप परत दिली. त्यांनी टाक्यावरून बोट फिरवलं.

"हे होय? रजेवर जायच्या आदल्या दिवशी रोलरखाली सापडली. पुढचा तुकडा पार चिंधड्या झाला. घाईत शिवली, तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं."

"आणि त्याआधीच्या शनिवारी? सामन्याच्या दिवशी?"

"तेव्हा अख्खी होती की. का हो बाई, काय मोजलंत हिनं?"

"खिडक्या," मी म्हणाले.