राजा घरीच राहिला

४ मार्च
अप्पांची पंचाहत्तरी. गौरव अंक मी लिहायचा. त्यांचा मुलगा विनायक येऊन बसला. "काका, तुमच्यासारखा खवचट माणूस गोड लिहितो तेव्हा लोकांना खरं वाटतं." पोरगं बापावर गेलंय. नाही म्हणायचाही कंटाळा. घेतलं.

६ मार्च
पेपरातल्या सदरासाठी बायबलचा जुना करार चाळतोय. राजांची कथा त्यात दोनदा. पहिलीत सैन्य लढाईला, दावीद राजा यरुशलेमात. शिपाई उरीयाची बायको उचलतो, उरीयाला ऐन हातघाईत पुढं उभं करवतो. तो मेला की लग्न. पुढं बंदिवासातून परतलेल्या ज्यूंच्या इतिहासकारानं तीच कथा नव्यानं लिहिली. बाई गायब, खून गायब. देवळाची तयारी मात्र पानंच्या पानं. गौरव अंकच की!

९ मार्च
विनायकनं मुद्दे दिले. 'विधवेशी विवाह करून अप्पांनी आदर्श घालून दिला.' विधवा कशी झाली, ते नाही. मी तेव्हा कॉलेजात, त्याच गल्लीत. यंत्रमाग कामगारांचा मोर्चा, पुढारी अप्पा. नरसय्याला सांगितलं, तू पुढं हो. स्वतः... नरसय्याच्या डोक्यात पोलिसांची लाठी, तिथंच गेला. त्याच्या घरी अप्पांची ये-जा त्याआधीपासूनची.

१० मार्च
भर उन्हात लक्ष्मीअक्का आल्या. अप्पांच्या बायको, आधी नरसय्याच्या.
"नरसय्याचं एवढं घाला की. घरात नाव काढायची सोय न्हाय. विनायकला ते नावबी ठाव न्हाय."
"अप्पा खोडतील."
"खोडू द्या. तुमी लिहा तर."
पाणी पिऊन गेल्या.

१२ मार्च
लिहिलं. अप्पांनी अख्खा परिच्छेद खोडला. "अहो, शुभकार्य हाय. मढी कशाला उकरता?" चहा मात्र चांगला होता.

१३ मार्च
पुन्हा तो ज्यू इतिहासकार. एवढी साफसफाई केली, पण जुन्या कथेतलं एक वाक्य राहिलंच: सैन्य लढाईवर गेलं, राजा यरुशलेमातच राहिला. का राहिला, पुढं अक्षर नाही. आधी वाटलं, वेंधळा, खोडायला विसरला. आज तसं वाटत नाही.

१४ मार्च
अप्पा आता अंक पुन्हा वाचणार नाहीत, तपासून दमलेत. मीही. एकच ओळ घालून अंक विनायककडं: 'मोर्चात नरसय्या सगळ्यांच्या पुढे होता, अप्पा त्या दिवशी घरीच होते.'

१५ मार्च
विनायकचा फोन.
"काका, पप्पा घरी का होते? आजारी होते का?"
"आईला विचार."
"आणि हा नरसय्या कोण?"
"तेही तिलाच."
मागून अक्कांचा आवाज, "कुणाचा फोन रे?"
त्यानं फोन ठेवला नाही. मीच ठेवला.