तीन बोटांची कॉर्ड

४ मार्च

प्लास्टर निघालं. डाव्या हाताची अनामिका सरळच्या सरळ — काठी! डॉक्टर म्हणाले, "ती आता वाकायची नाही. बाकी हात उत्तम आहे." उत्तम म्हणे! गिटार वाजवणारीला सांगतायत.

दादाचा फोन आला. घेतला नाही. गाडीचं दार त्यानंच लावलं होतं, मागे न बघता. अकरा वर्षं तो गायला, मी त्याच्यासमोर बसून वाजवलं, आणि एका दणक्यात सगळं आटोपलं. मुद्दाम नाही केलं, कळतंय मला. तरी त्याचं तोंड बघवत नाही.

७ मार्च

'जी' कॉर्ड धरून पाहिली. तारा नुसत्या खडखडल्या. गिटार पेटीत घातली, पेटी पलंगाखाली ढकलली.

१२ मार्च

फिजिओबाई रोज स्पंजचा चेंडू दाबायला लावतात. आज मात्र एक कागद दिला. अनामिका न वापरता कॉर्ड कशा धरायच्या, ते पेन्सिलीनं काढलेलं. "करून तर बघ," म्हणाल्या. कुठून आणलंत विचारलं, तर म्हणे, "दिलंय एकांनी."

कुणा अडाण्यानं काढलंय देव जाणे! सगळे तारा उभ्या काढतात, याच्या आडव्या. गिटारचं डोकं उजवीकडे. जाड तार सगळ्यात वर. आधी हसू आलं, मग रडूच कोसळलं. आता असल्या चिटोऱ्यांवर शिकायचं मी? या वयात?

१३ मार्च

डी वाजली. तर्जनी तीन तारांवर आडवी, करंगळी दुसऱ्या तारेवर एक पडदा पुढे. भिकार आवाज. पण वाजली.

२१ मार्च

आणखी दोन कागद आले. सी धरायला करंगळी पार पाचव्या तारेपर्यंत ताणायची! शंभरदा केलं. मनगट ठणकतंय. कोपर पुढे घेतलं तर पोचते कशीबशी, पण तोवर गाणं पुढच्या ओळीवर गेलेलं असतं. आणि गाणं तरी कुठलं? गाणारा कुठाय? संपलंय सगळं. उगाच स्वतःला फसवतेय.

दुपारी वहिनी आली होती. "हे धड जेवत नाहीत गं. गात तर नाहीतच. खोलीचं दार लावून बसतात." मी म्हटलं, "मग मी काय करू?" चहा अर्धा टाकून गेली. तिचा काय दोष होता? फार वाईट झालेय मी.

२८ मार्च

आज एकही कॉर्ड धड नाही. बस झालं. उद्या कागद फाडते आणि गिटार देऊन टाकते कुणाला तरी.

२९ मार्च

फाडायला घेतला आणि हात थांबला. डोकं उजवीकडे, जाड तार वर — चुकलेलं नाहीये हे! समोर बसलेल्याला माझी गिटार अशीच दिसते.

समोर अकरा वर्षं एकच माणूस बसायचा.

३० मार्च

दादाकडे गेले. दार त्यानंच उघडलं. डाव्या हाताची अनामिका आइस्क्रीमच्या काडीला चिकटपट्टीनं घट्ट बांधलेली. बाकीच्या बोटांवर तारांचे वळ. मागे खुर्चीत माझी शिकतानाची जुनी गिटार.

खाली बघत म्हणाला, "सी काही केल्या जमत नाही गं."

मी म्हटलं, "कोपर पुढे घे."